घाटात पडलेला राव

माझ्या गोविंदमामाच्या बैलाचं नाव आनंदराव, कुत्र्याचं वाघेराव आणि कोंबड्याचं पहाटराव. हे पहाटराव एका शिमग्याला पाहुण्यांच्या ताटात गेले. मामी पातेलं घेऊन पंगतीतून फिरत होती आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारत होती, "अजून वाढू का थोडे पहाटराव?" मामा त्या दिवशी नुसता ताक-भात जेवला. "पदवीधर मानूस खायचा नसतो," म्हणाला.

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत मामाची वाडी आहे. वीस-बावीस घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद, कारण माणसं मुंबईला. खाली भात, वर डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी. तिथून आठवड्यातून एकदा मामा यष्टीनं महाडला येतो आणि कोर्टाजवळच्या माझ्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात स्टुलावर बसतो. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याकडून राव मिळतो. कंडक्टर अशोकराव, चहावाला पोरगा पिंट्याराव, समोरचा पंक्चरवाला सलीमराव. मी पाच वर्षांचा असल्यापासून त्याचा सुधीरराव आहे. "सुधीरराव, नाक पुसा," असं आदरार्थी अनेकवचनात ज्याला सांगितलं गेलं, असा महाड तालुक्यातला मी बहुधा एकटाच. आजही मला राव म्हणणारं जगात हे एकच माणूस आहे. घरी मी 'अहो' आहे, आणि त्या 'अहो'च्या पुढे बहुतेक वेळा 'गॅस बंद केलात का' असतं.

राव कुठून आला, हा मामाचा जन्माचा विषय. त्याचं हे ज्ञान थोडं कीर्तनातून आलेलं, थोडं मुंबईच्या गोदीत काम करताना खोलीवरच्या एका वाचनवेड्या सोबत्याकडून, आणि उरलेलं त्याच्या स्वतःच्या गोठ्यात जन्मलेलं. कुठलं कुठून आलं ते विचारायचं नाही.

"राव म्हंजे राजा," तो सुरू करतो. "आधी राजन् व्हता. मग राया झाला. मग राव. घाटातून दगड सुटतो ना सुधीरराव, वरनं निघताना ही एवढी शिळा असते. खाली नदीत येईपर्यंत गोटा होतो. तसा राव घाट उतारला."

मग मामा रावाला तो घाट टप्प्याटप्प्यानं उतरवतो. पहिल्यांदा राव एकटाच, सिंहासनावर. मग त्याला वाटलं, आपल्या माणसांनाही थोडा द्यावा. म्हणून सरदारांना मिळाला. "ह्या डोंगराच्या पल्याड जावळीला 'चंद्रराव' ही पदवीच व्हती. बादशानं दिलेली. मानूस कोनबी असू दे, गादीवर बसला की चंद्रराव. त्याचं स्वतःचं नाव इचारायचंच नाय." मग इंग्रज आला, त्यानं रावाला साहेब जोडला आणि छातीवर बिल्ला लावून दिला. मग तो पाटलाकडे आला, खोताकडे आला, शाळामास्तराकडे आला, जावयाकडे आला. "आनि आता?" मामा रस्त्याकडे बोट दाखवतो. तिथे कॉलेजची दोन पोरं मोटारसायकलला लाथा मारत असतात आणि एक दुसऱ्याला म्हणत असतो, "काय राव, पेट्रोलच नाय!"

"आला बघा राजा खाली," मामा म्हणतो. "गोटा झाला, पन नदीत गोटाच लागतो. शिळेवर कोन कपडे धुतो?"

एकदा माझ्या बायकोनं, माधुरीनं, त्याला विचारलं, "मामा, सगळे राव पुरुषांनाच का हो? बायकांना काय?" मामानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बाय हीच पदवी व्हती गो. राजाच्या आयेला लावत. पन ती रावापेक्षा जोरात घरंगळली. आता भांड्याला बाय, धुन्याला बाय." आणि त्या दिवशी त्यानं चहा अर्धाच प्यायला.

हे रावांचं सदावर्त नेहमीच सुखाचं झालं असं नाही. बाळू नावाचा एक गावकरी माझ्याकडे प्रतिज्ञापत्र टाइप करायला आला होता. मामा स्टुलावर होताच. म्हणाला, "कोर्टात चाललाय मानूस, उघडंबोडकं नाव घेऊन जाईल व्हय? लिवा, बाळूराव." मी भिडेखातर लिहिलं. अर्ध्या तासात कागद परत आला. आधार कार्डावर नुसता बाळू होता. मी पुन्हा टाइप करून दिलं, पदरमोड करून. बाळू जाता जाता घुटमळला. "साहेब, ते चुकल्यालं मला द्या ना." मी दिलं. पुढच्या आठवड्यात तो ते लॅमिनेशन करायला घेऊन आला.

डोंगरातून मध आणि खेकडे घेऊन येणाऱ्या लक्ष्मण कातकऱ्याला वाडीतलं शेंबडं पोरही 'ए लक्ष्मन' म्हणून हाक मारी. मामानं त्याला पहिल्यांदा "या, लक्ष्मणराव," म्हटलं तेव्हा त्यानं मागे वळून पाहिलं. वाटलं, आपल्या मागून कुणी मोठा माणूस येतोय. गावकीच्या बैठकीत ही गोष्ट निघाली. एका म्हाताऱ्यानं मामाला झापलं, "गोविंदा, गाव करी ते राव न करी. तू कोन पदव्या वाटनारा?"

"तात्या, तेच म्हनतो ना," मामा म्हणाला. "गावानंच करा. माझ्या बापानं त्याच्या बापाला जल्मभर अरेतुरे केलं. तेवढं तरी फेडू दे मला."

लक्ष्मणनं मात्र याचा आपल्या परीनं निकाल लावला. तिसऱ्या खेपेला त्यानं मधाचा भाव वाढवला. "राव झालो ना आता? रावाचा मध जुन्या भावानं कसा मिळंल?" मामानं हसत हसत तो दिला.

आणि असा हा माणूस स्वतःच्या नावापुढे राव लावू देत नाही. लग्नपत्रिकेवर कुणी 'गोविंदराव' छापलं तर खिशातलं पेन काढून 'राव' खोडतो आणि मगच पत्रिका देवापुढे ठेवतो. सत्यनारायणाच्या पूजेला भटजी "गोविंदराव, पाणी सोडा" म्हणाले, तर पळी हातात तशीच धरून हा म्हणाला, "नुसता गोविंद म्हना, मग सोडतो." का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "माझा राव घाटात पडलाय."

ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की मी ती पाहिल्यासारखी सांगू शकतो. तशी पाहिलीही असेल. मी तेव्हा कुणाच्या तरी कडेवर होतो म्हणतात.

मामाचं लग्न वरंधला, घाटाच्या पायथ्याच्या गावी, लागलं. मामी वरंधची, सतरा-अठरा वर्षांची. वऱ्हाड ट्रकमधून परत निघालं आणि रस्ताभर मामीची मावशी तिच्याकडून उखाणा घोटून घेत होती. चार ओळींचा, मोठा झोकदार. घरी आले. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, आणि दारात दोन्ही हात चौकटीला लावून माझी आई उभी. नवऱ्याच्या बहिणीनं दार अडवायचं आणि नवरीनं नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही, ही रीत. आमची आई ताडमाड, तोंडानं फटकळ. अंगणात सगळी वाडी जमलेली.

"घे गो नाव," आई म्हणाली.

मामी सगळा उखाणा विसरली. चार ओळींतलं तिला एकच आठवलं.

"गोविंद," ती म्हणाली. आणि थांबली.

बायको नवऱ्याचं नुसतं नाव घेते, तेही अंगणभर माणसांपुढे! हशा उसळला. आई म्हणाली, "आनि राव? राव कुठं सांडलास?" मागून कोणीतरी ओरडलं, "वरंधच्या घाटात पडला वाटतं!" पुन्हा हशा. आई काही हात काढेना. "राव आनल्याबिगर आत नाय घ्यायची." मामीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी हसणं थांबेना. शेवटी आतून आजी आली, तिनं आईचा हात ओढून खाली केला, तेव्हा कुठे मामीनं माप ओलांडलं. या सगळ्या वेळात मामा तिच्या शेजारीच उभा होता. शेल्याची गाठ तिच्या पदराला बांधलेली. पण नवऱ्यानं बोलायचं नसतं. तो बोलला नाही.

त्यानंतर मामीनं कधीच नाव घेतलं नाही. हळदीकुंकवाला बायका आग्रह करू लागल्या की ती मागच्या दारानं गोठ्यात जाई आणि आनंदरावाला वैरण घालत बसे. मामाला ती 'अवो' म्हणे, तो तिला 'अगो'. आम्ही भाचरं मोठी झालो तशी थट्टा करू लागलो. "मामा, सापडला का राव?" "शोध चालू हाय," मामा म्हणे, आणि मामी पदराआड हसे. आम्हा सगळ्यांची अशी पक्की समजूत की मामा आपला राव मामीकडून यायची वाट बघतोय. हा सगळ्या जगाला राव वाटत सुटलाय तो त्याच भुकेपोटी, असा मी माधुरीला मोठा मानसशास्त्रीय सिद्धान्तही सांगितला होता. ती म्हणाली, "गॅस बंद केलात का?"

दोन वर्षांपूर्वी, लावणी संपल्यावर, मामीला अर्धांगवायूचा झटका आला. महाडला आणेपर्यंत उजवी बाजू गेली होती. महिन्याभरात पाय थोडा उचलायला लागला, हात नाही. आणि वाचा नाही. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा तिच्याशी, रोज, लहान मुलाला शिकवतात तसं. कधी येईल, येईल की नाही, सांगता येत नाही. मामीकडे एकच शब्द उरला होता, 'हे'. पाणी म्हणजे हे, उजेड म्हणजे हे, दुखतंय म्हणजेही हे. माणसं बघून ती हसायची. पण मला बघून जशी हसली तशीच दूधवाल्याला बघून हसली. ती कुणाला ओळखते, ते कळत नव्हतं.

मामाचं महाडला येणं थांबलं. माझ्या दुकानातलं स्टूल रिकामं राहिलं आणि आठवड्यांमागून आठवडे मला कुणीच राव म्हणेना, तेव्हा मीच एका रविवारी वाडीवर गेलो.

अंगणात मामी खुर्चीवर होती. मामा तिच्यासमोर पाटावर बसून नाचणी पाखडत होता. सूप त्याच्या हातात, आणि ते काही त्याला जमत नव्हतं. दाणे आणि कोंडा एकत्रच खाली पडत होते. मधेच तो एकेक वस्तू उचलून तिला दाखवी. "ह्ये सूप. म्हन, सूप." मामी म्हणे, "हे." "बरोबर. आनि त्यो कोन? वाघेराव." "हे." "शाब्बास." मग त्यानं सूप खाली ठेवलं, स्वतःच्या छातीवर बोट टेकलं आणि अगदी हळू विचारलं, "आनि मी? मी कोन?"

मामी त्याच्याकडे पाहत राहिली. बराच वेळ. मग तिनं मान वळवून कुत्र्याकडे पाहिलं.

मी खोकलो. मामा ओशाळला. "या सुधीरराव, बसा." मी बसलो आणि वातावरण हलकं करावं म्हणून, माझा जुना मूर्खपणा घेऊन, म्हणालो, "मामा, अजून रावाच्याच मागे आहेस का? आता तरी बिचारीला सोड."

मामानं माझ्याकडे असं पाहिलं की मला पाच वर्षांचं झाल्यासारखं वाटलं, नाक न पुसलेलं.

"राव?" तो म्हणाला. "राव कोनाला हवाय? राव मला कोनबी म्हनंल. भटजी म्हनतो, ब्यांकवाला म्हनतो, पत्रिकेत फुकट छापतात." त्यानं सूप पुन्हा हातात घेतलं. "मला नुसता गोविंद म्हननारी मानसं किती व्हती, सांग. आये. तुझी आये, म्हंजे माझी ताय. वाडीतले म्हातारे. सगळी गेली. आता मी कोनाचा मामा, कोनाचा काका, कोनाचा आजा. नुसतं नाव घेनारी ही येकटी राह्यली. तिनंबी येकदाच घेतलंन, आनि तुम्ही सगळे हासलात."

मी म्हणालो, "मग तू राव का लावू देत नाहीस?"

"तिनं दिलं ते तेवढंच व्हतं," मामा म्हणाला. "त्याच्यावर कोनी अजून काय चढवलं तर तिनं दिल्यालं कमी व्हतं, असं व्हईल ना? म्हनून." सुपातला कोंडा उडून त्याच्या पांढऱ्या मिशीवर बसला होता. "ती बोलू दे, नको बोलू दे. मी कोन ते तिला ठाऊक हाय का, येवढंच कळू दे मला."

परतीच्या यष्टीत मी खिडकीशी बसलो. माझा मानसशास्त्रीय सिद्धान्त पोलादपूरच्या स्टँडवरच उतरून गेला होता.

यंदा माझ्या मुलाचं, ओंकारचं लग्न झालं. पत्रिका छापताना माधुरी म्हणाली, मामांना 'गोविंदराव' लिहा, बरं दिसतं. मी आयुष्यात पहिल्यांदा ठामपणे नाही म्हणालो. छापलं: श्री. गोविंद. मामानं पत्रिका हातात घेतली, वाचली, पेनाकडे गेलेला हात तसाच खाली आला, आणि त्यानं ती मामीच्या मांडीवर ठेवली.

लग्न लागून वरात आमच्या महाडच्या घरी आली. मामा-मामी आधीच येऊन बसले होते. मामीला दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं, लाल काठाचं लुगडं, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. उंबऱ्यावर माप. माझ्या दोन पुतण्यांनी, ओंकारच्या चुलतबहिणींनी, दार अडवलेलं. सूनबाई सायली हुशार मुलगी. तिनं मोबाईल काढला आणि त्यावर बघून चार ओळींचा उखाणा खणखणीत म्हटला, "ओंकाररावांचं नाव घेते" पर्यंत सगळा. टाळ्या पडल्या. ओंकार लाजून लाल झाला. कालपर्यंत ती त्याला 'ए ओम्या' म्हणत होती.

"चालणार नाही, मोबाईल बघून घेतलं!" दारातल्या पोरी ओरडल्या. "परत!"

"अरे, जाऊ द्या तिला, दमलीय," कुणीतरी म्हणालं. पण पोरी हटेनात. सायली हसत होती. मग तिचं हसू जरा कमी झालं. पहाटेपासून उभी होती बिचारी. तिनं घाम पुसला आणि ती गोंधळून इकडेतिकडे बघू लागली.

मामी तिच्याकडे बघत होती. मी मामीच्या मागेच उभा होतो, म्हणून मला दिसलं: तिचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला. ओठ हलायला लागले. वाकडे, एका बाजूचे ओठ.

"गो," ती म्हणाली.

सगळ्यांना वाटलं तिला पाणी हवंय. माधुरी पुढे झाली. मामीनं मान जोरात हलवली. आता आवाज थांबले. मामीच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. एखादं जड काहीतरी विहिरीतून वर ओढावं तसा तो शब्द वर येत होता.

"गो... विं... द."

आणि थांबली.

माधुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकून ती मायेनं म्हणाली, "राव, मामी. म्हणा, राव. जमेल तुम्हाला."

"थांब गो," मामा म्हणाला. "झालंय तिचं."

तो भिंतीला धरून उठला आणि मामीच्या शेजारी येऊन उभा राहिला, अगदी जवळ, शेल्याची गाठ मारलेली असावी इतका. त्याचं लक्ष मामीकडे नव्हतं. तो दाराकडे बघत होता, पोरींच्या डोक्यांवरून, चौकटीत जरा उंचावर, जिथे एखाद्या ताडमाड बाईचा चेहरा असला असता.

"ताये," तो म्हणाला, "घेतलंन तिनं नाव. सोड तिला आत."

पोरींना वाटलं, आजोबा आपल्यालाच रागावले. त्यांनी चौकटीवरचे हात काढले आणि त्या बाजूला झाल्या.